खेळण्यातील आगगाडी : वर्तुळ मोडून खेळ वाढविणे

प्राथमिक शाळेच्या खेळसाहित्यात आगगाडीचा संच आढळणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. कोठे तो गावातील एखाद्या हौशी पालकाने दिलेला असतो, कोठे शाळेच्या अनुदानातून घेतलेला असतो, तर कोठे जत्रेतील दुकानातून शिक्षकांनी स्वतःच्या खर्चाने आणलेला असतो. संच बहुधा एकाच साच्याचा असतो. प्लॅस्टिकचे वळणदार तुकडे जोडून होणारे वर्तुळ, पेन्सिल सेलवर चालणारे एक इंजिन आणि त्याच्या मागे दोन-तीन डबे, एवढाच त्याचा संसार. पहिल्या दिवशी सारा वर्ग त्याच्याभोवती गोळा होतो. दुसऱ्या दिवशी निम्मी मुले येतात. आठवडा उलटतो न उलटतो तोच एक-दोन द्वाड मुले गाडी रुळावरून पाडण्याचा खेळ सुरू करतात. मग इंजिनाचे एखादे चाक निखळते आणि संच कपाटात जातो. पुढे तपासणीच्या दिवशी तो टेबलावर मांडला जातो, एवढेच.

मुलांच्या अंगी एकाग्रता नसते, असा निष्कर्ष यावरून काढणे अन्यायाचे होईल. तीच मुले ओढ्याकाठच्या वाळूत दोन-दोन तास रस्ते व बोगदे करीत बसतात. वर्तुळावर धावणाऱ्या गाडीत मुलाला करण्यासारखे फारच थोडे असते, हे खरे कारण होय. बटण दाबले की गाडी निघते आणि सेल संपेपर्यंत फिरत राहते. ती कोठे जाणार, कधी थांबणार, काय नेणार, यांपैकी एकही गोष्ट ठरविण्याचा अधिकार मुलाकडे नसतो. शिवाय बटण एक आणि मुले तीस! बटणावर बोट कोणाचे राहते हे प्रत्येक शिक्षकास ठाऊक आहे. भिंतीला टेकून उभी राहणारी, हळू बोलणारी मुलगी वर्षअखेरपर्यंत त्या गाडीला हात लावीत नाही. यास्तव या खेळण्यात जो बदल करावयाचा तो दोन प्रश्न डोळ्यांपुढे ठेवून करावा. मुलाला ठरविण्याजोगे काही मिळते काय, आणि एकाच वेळी किती मुलांच्या हातांना काम मिळते? आणखी एक डबा, दुसरे इंजिन, दिवे, शिट्टी ही भर या दोन प्रश्नांपुढे टिकत नाही.

आगगाडीचे खेळणे आरंभापासून असे बंदिस्त नव्हते. जर्मनीतील मेर्क्लिन कारखान्याने १८९१ मध्ये लाइपझिगच्या वसंतकालीन व्यापारी जत्रेत किल्लीवर चालणारी आगगाडी मांडली, तेव्हा तिच्याबरोबर ठरावीक रुंदीचे, परस्परांस जोडता येणारे रूळ होते व त्यांची मांडणी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी केलेली होती. रुळांची रुंदी ठरून गेल्यामुळे यंदा रुळांचे चार तुकडे व पुढच्या वर्षी एखादा सांधा, अशी संचात भर घालता येऊ लागली. स्वीडनमधील ब्रिओ कंपनीने १९५८ मध्ये लाकडी आगगाडी आणली. तीत किल्ली नव्हती; लाकडात कोरलेल्या खाचांवरून मूल ती हातानेच ढकली. इंग्लंडमधील सायमन निकल्सन यांनी १९७१ मध्ये आपल्या लेखात ‘सुट्या भागां’चा विचार मांडला. हलविता, जोडता व बदलता येण्याजोग्या वस्तू जेवढ्या अधिक आणि जेवढ्या विविध, तेवढा मुलांच्या कल्पकतेस वाव अधिक, असा त्याचा आशय आहे. महाराष्ट्रास ही गोष्ट परकी नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले, तेव्हा महागड्या साधनांच्या जागी पाने, बिया, खडे व शिंपले त्यांनी उपयोगात आणले होते. प्लॅस्टिकच्या स्वस्त संचात इंजिन आहे, डबे आहेत, रूळ आहेत. सुटेपण तेवढे हरवले आहे. ते त्याला परत द्यावयाचे आहे.

येथे एक अडचण मोकळेपणाने सांगितली पाहिजे. संचाची नोंद जडवस्तू नोंदवहीत झालेली असते, आणि नोंदविलेल्या वस्तूला कात्री लावण्यास शिक्षक धजत नाहीत. ही भीती निराधार म्हणता येणार नाही. तथापि पुढे सुचविलेले बहुतेक बदल असे आहेत की, मूळ वस्तूचा एक टवकाही न काढता ते करता येतात व हवे तेव्हा पूर्वस्थितीही आणता येते. काढून ठेवलेले भाग कापडी पिशवीत घालून पिशवीवर चिठ्ठी बांधावी. इंजिन उघडावयाचे झाल्यास मुख्याध्यापकांस आधी कल्पना द्यावी. एवढी काळजी घेतली म्हणजे कपाटाचे कुलूप काढण्यास हरकत राहत नाही.

पहिला बदल : सेल काढणे व वर्तुळ तोडणे

पहिला बदल बिनखर्चाचा आहे. इंजिनातील सेल काढून घ्यावा आणि वर्तुळाचा एक तुकडा बाजूला ठेवावा. गाडीला आता दोन टोके आली. टोके आली की मुले आपण होऊन विचारतात, “हे गाव कोणतं? ते कोणतं?” वर्तुळाने जो प्रश्न कधीच विचारू दिला नव्हता तो एक तुकडा काढताच उभा राहतो.

सेल काढल्यावर इंजिन हाताने ढकलावयाचे असते. पुष्कळ इंजिनांची चाके तशी मोकळी फिरत नाहीत, कारण चाकाचा आस लहान दंतचक्रांनी मोटारीला जोडलेला असतो आणि ढकलणाऱ्या हाताला मोटारही फिरवावी लागते. खालच्या झाकणाचे दोन-तीन स्क्रू काढले तर मोटारीकडून आसाकडे येणारे मधले दंतचक्र दिसते. ते उचलून पिशवीत ठेवले की चाके मोकळी होतात. काही इंजिनांत हा भाग बंद डबीत असतो. तेथे खटाटोप करू नये. इंजिनाला मागे ठेवून एका डब्यालाच पुठ्ठ्याचे धुराडे लावावे व त्यास इंजिन म्हणावे. मुलांची त्याला काहीच हरकत नसते. आवाजाची उणीवही भासत नाही, कारण झुकझुक करण्यास वर्गात तोंडे पुष्कळ असतात.

मोटारीचे इंजिन एकाच दिशेने व एकाच वेगाने जाते. हाताचे इंजिन थांबते, मागे येते, सावकाश जाते, दोन डबे सोडून तिसरा घेऊन जाते. खऱ्या आगगाडीचे बहुतेक काम याच प्रकारचे असते.

यानंतर रूळ. संचातील आठ-दहा तुकड्यांत फारसे काही मांडता येत नाही आणि सांधा, म्हणजे एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारा जोड, स्वस्त संचात नसतोच. तेव्हा प्लॅस्टिकच्या रुळांचा मोह सोडून फरशीवर खडूने रूळ काढावेत. खडूच्या रेषेला पाहिजे तेवढे फाटे फुटतात, ती पुसता येते आणि तिची किंमत काही नाही. पावसाळ्यात व्हरांड्यात, इतर दिवसांत अंगणात काठीने ओढलेल्या रेघांवर हा खेळ चालतो. प्लॅस्टिकचे रूळ पुलावर किंवा घाटाच्या चढावर तेवढे वापरावेत, कारण तेथे चाक धरून ठेवण्याची खरी गरज असते.

मालाची गाडी

संचातील डबे बहुधा प्रवासी डबे असतात. त्यांवर टप असतो, आत काही ठेवता येत नाही. टप खटक्याने बसविलेला असल्यास काढून ठेवावा. चिकटविलेला असल्यास डब्यास हात लावू नये. काड्यापेटीच्या आतल्या खणाची वाघीण करावी. सुटी वाघीण खडूच्या रेषेवर चाकांवाचूनही सरकते. चाके हवीच असली तर बाटल्यांच्या पत्री बुचांना मध्यभागी खिळ्याने भोक पाडून सायकलच्या आऱ्याचा आस करता येतो. आस बॉलपेनच्या रिकाम्या कांडीच्या तुकड्यातून घातला की तो सुखाने फिरतो. टाकाऊ वस्तूंपासून अशी खेळणी कशी करावीत, हे पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत दीर्घकाळ काम केलेल्या अरविंद गुप्ता यांनी अनेक पुस्तकांतून दाखविले आहे.

वाघिणीत काय भरावे हे परिसरावरून ठरावे. चिंचोके, ज्वारी, वाळूचे खडे, उसाची कांडकी, सागाच्या फळांची टरफले, सर्व काही चालते. रावेर व सावदा या स्थानकांवरून केळी दिल्लीकडे जातात, हे जळगाव जिल्ह्यातील मुलांना घरातूनच ठाऊक असते. नाशिक जिल्ह्यातील देवळाली येथून बिहारमधील दानापूरकडे पहिली किसान रेल्वे ७ ऑगस्ट २०२० रोजी सुटली होती. ज्या गावाने रूळ पाहिलेले नाहीत त्या गावाचा मालही शेवटी कोठल्या तरी स्थानकापर्यंत ट्रॅक्टरने वा टेम्पोने जातोच. तो टेम्पो काड्यापेटीचाच करून खेळात घ्यावा.

माल आला की गणित मागोमाग येते, आणि ते शिक्षकांना आणावे लागत नाही. एका वाघिणीत वीस चिंचोके मावतात. स्टेशनमास्तर पासष्ट चिंचोके पाठवावयाचे म्हणतो. वाघिणी किती लागतील? चौथी वाघीण पाच चिंचोक्यांसाठी न्यावी की थांबावे, यावर दुसरीच्या मुलांत जो वाद होतो तो भागाकाराच्या बाकीवरील चांगला पाठ असतो. पावती लिहिण्याचे काम सुवाच्य अक्षराच्या मुलाला न देता ज्याचे अक्षर सुधारावयाचे आहे त्यास द्यावे. पलीकडच्या स्थानकावरील मुलाला ती वाचता आली नाही, तर तो स्वतःच परत पाठवितो.

बांगडीचे टोकन

आता तीस मुलांचा प्रश्न. गाडी एक असता भांडण कसे टाळावे, याचे उत्तर रेल्वेने स्वतःच्या निराळ्या अडचणीतून फार पूर्वी शोधून ठेवले आहे. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येण्याचे भय असते. इंग्लंडमध्ये नॉरिचजवळ थॉर्प येथे १० सप्टेंबर १८७४ च्या रात्री एका चुकीच्या निरोपामुळे दोन गाड्या एकाच रुळावर परस्परांवर आदळल्या. त्यानंतर एडवर्ड टायर यांनी १८७८ मध्ये विजेच्या साह्याने चालणारी अशी योजना सिद्ध केली की, दोन स्थानकांमधील भागासाठी एका वेळी एकच खूणचकती यंत्रातून बाहेर पडावी आणि ती हाती असल्याखेरीज ड्रायव्हरने गाडी हलवू नये. भारतातील एकेरी मार्गांवरही या तत्त्वाची यंत्रे वर्षानुवर्षे वापरात होती. त्यांतून निघणारा धातूचा गोळा चामडी पिशवीत घालून ती पिशवी मोठ्या कड्याला बांधीत, आणि धावत्या गाडीतून ड्रायव्हर वा त्याचा साहाय्यक ते कडे हातात अडकवून घेई. घरातील वडीलधाऱ्यांपैकी कोणी ते दृश्य पाहिलेले असण्याचा संभव आहे. मुलांनी घरी विचारून यावे.

शाळेत या कामी एक जुनी बांगडी पुरते. नियम एवढाच की, ज्याच्या हाती बांगडी त्यानेच गाडी हलवावी, आणि गाडी पुढच्या स्थानकावर पोहोचताच बांगडी तेथील स्टेशनमास्तरास द्यावी. स्टेशनमास्तर ती पुढच्या ड्रायव्हरला देतो. चार स्थानके काढली तर चार स्टेशनमास्तर, तेवढेच माल भरणारे, दोन फाटकवाले, एक सांधेवाला, एक गार्ड, घड्याळ पाहून वेळ लिहिणारा एक, अशी पंधरा-सोळा मुले एकाच वेळी कामात राहतात. उरलेली मुले प्रवासी व व्यापारी होतात आणि फेरी पूर्ण झाली की कामे बदलतात. बांगडी हातोहात फिरत असल्यामुळे ती अडवून ठेवणाऱ्याचा अपराध सर्वांस दिसतो व गाडी बंद पडल्याने साऱ्यांचाच खोळंबा होतो. शिक्षकांना मध्ये पडण्याचे कारण क्वचितच येते. हळू बोलणाऱ्या मुलीकडेही बांगडी येतेच. गाडी थांबवून ठेवण्याचा तिचा अधिकार त्या क्षणी कोणी हिरावू शकत नाही.

वेळापत्रक फळ्यावर लिहावे व ते चोवीस तासांच्या घड्याळाने असावे, कारण रेल्वेचे तसेच असते. अंतरांसाठी मुंबई-ठाण्याचे उदाहरण सोयीचे आहे. भारतातील पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास गेली. ते अंतर ३४ किलोमीटर होते, गाडीला चौदा डबे होते आणि सुमारे चारशे पाहुणे त्यांत बसले होते. एक किलोमीटरला दहा सेंटिमीटर धरल्यास हा मार्ग ३ मीटर ४० सेंटिमीटर होतो व शाळेच्या व्हरांड्यात सहज मावतो. नंतर त्याच मापाने आपल्या तालुक्यातील दोन स्थानकांमधील किंवा बसथांब्यांमधील अंतर काढावे.

घाट

चढ-उतार हवा असल्यास पुठ्ठ्याखाली पुस्तके ठेवून रूळ उंचवावेत. मुले एकदम उभा चढ करतात आणि वाघिणी कोसळतात, कोसळू द्याव्यात. मग भोर घाटाची गोष्ट सांगावी. १८६३ मध्ये खुल्या झालेल्या त्या लोहमार्गाचा चढ सदतिसास एक इतका आहे. म्हणजे ७४ सेंटिमीटर लांब पुठ्ठ्याचे टोक अवघे २ सेंटिमीटर उचलावयाचे. तो चढ पाहून मुलांना तो चढच वाटत नाही. त्यावर वाघीण सोडून ती आपोआप उतरते की जागीच राहते हे पाहावे, आणि जागीच राहिल्यास एकेक पुस्तक वाढवीत ती कधी निघते ते नोंदवावे. भरलेली वाघीण व रिकामी वाघीण यांत फरक पडतो काय, हा प्रश्न मुलांवर सोडून द्यावा. आजही कर्जतहून वर चढणाऱ्या अनेक गाड्यांना मागून जादा इंजिने लावतात; खेळातही मागून रेटणारा दुसरा ड्रायव्हर असावा.

याच घाटात खंडाळ्याच्या खालच्या अंगाला पूर्वी एक उलटफेर स्थानक होते. कड्यावर वळण घेण्यास जागा नव्हती, म्हणून मार्ग एका टोकाशी नेऊन संपविला होता. चढत आलेली गाडी तेथे थांबे, इंजिन पुढून सोडून मागच्या बाजूला जोडीत, आणि आतापर्यंतचा शेवटचा डबा पुढे होऊन गाडी दुसऱ्या फाट्याने वर जाई. १९२९ मध्ये नवा मार्ग झाल्यावर हे स्थानक बंद पडले. खेळात ते पुन्हा उघडता येते. खडूने इंग्रजी व्ही अक्षरासारखे दोन फाटे काढून टोकाशी इंजिनाला वळसा घेण्यापुरता आणखी एक रूळ काढावा आणि गाडी वर नेण्याचे काम मुलांवर सोपवावे. इंजिन डब्यांवरून उडी मारून पलीकडे जाऊ शकत नाही, ही अट पाळली तर तिसरी-चौथीची मुले बराच वेळ खल करतात.

मोटार वापरूनच चढ चढवावयाचा असल्यास इंजिनाची चाके गुळगुळीत प्लॅस्टिकवर जागच्या जागी फिरतात असे दिसेल. फुग्याच्या तोंडाची अरुंद वळी कापून ती मोटारीच्या दोन्ही बाजूंच्या चाकांवर चढवावी. एकाच बाजूला चढविली तर दोन चाकांचा व्यास वेगळा होऊन इंजिन रूळ सोडते.

वाघिणींचे कोडे

आतापर्यंतचे बदल लहान मुलांना पुरतात. वरच्या वर्गांसाठी मालधक्क्यावरील शंटिंगचे कोडे ठेवावे. इंग्लंडमधील छोट्या आगगाड्यांचे अभ्यासक ॲलन राइट यांनी ‘इंगलनुक सायडिंग्ज’ या नावाची मांडणी केली. तीत तीन आंधळे रूळ असून त्यांत अनुक्रमे पाच, तीन व तीन वाघिणी मावतात. इंजिनाच्या रुळावर इंजिन व तीन वाघिणी मावतात. आठ वाघिणींतून सांगितलेल्या पाच वाघिणी सांगितलेल्या क्रमाने लांब रुळावर लावावयाच्या असतात. असे क्रम ८ × ७ × ६ × ५ × ४, म्हणजे ६,७२० होतात.

शाळेसाठी याचे लहान रूप योजावे. तीन रूळ तीन, दोन व दोन घरांचे असावेत. घर म्हणजे एका काड्यापेटीची लांबी. तिन्ही जेथे मिळतात तेथून पुढे इंजिनाचा रूळ, त्यावर इंजिन व दोन घरे. वाघिणी पाच, त्यांवर क, ख, ग, घ, च ही अक्षरे. लांब रुळावर बंद टोकाकडून क, ख, ग अशा तीन व एका आखूड रुळावर घ, च अशा दोन ठेवाव्यात. दुसरा आखूड रूळ रिकामा असतो. वाघिणी हाताने उचलावयाच्या नाहीत, इंजिनानेच ओढावयाच्या व ढकलावयाच्या. आता लांब रुळावर कोणत्याही तीन वाघिणी हव्या त्या क्रमाने लावा. असे क्रम ५ × ४ × ३, म्हणजे साठ आहेत, आणि त्यांतील प्रत्येक साधता येतो.

शिक्षकांच्या हाताशी असावे म्हणून एक उत्तर देणे योग्य होईल. लांब रुळावरील क्रम उलटा, म्हणजे बंद टोकाकडून ग, ख, क असा करावयाचा आहे. प्रथम ग व मागोमाग ख एकेक करून रिकाम्या आखूड रुळावर ठेवावी. इंजिनाने क ओढून घ्यावी. क जोडलेली असतानाच ख जोडून आणावी व लांब रुळावर सोडावी. त्याच रीतीने ग आणून लांब रुळावर ख च्या पुढे सोडावी आणि क ही रिकाम्या झालेल्या आखूड रुळावर न्यावी. आता लांब रुळावरील ग व ख एकदम ओढाव्यात, ख ही क च्या पुढे ठेवावी आणि ग एकटीच लांब रुळाच्या बंद टोकाशी सोडावी. राहिलेल्या ख व क एकेक करून तिच्यामागे आणाव्यात. घ व च यांना स्पर्शही करावा लागत नाही. हे उत्तर मुलांना आधी सांगू नये. एखाद्या मुलाने याहून कमी हालचालींत काम साधले, तर त्या हालचाली फळ्यावर लिहून घ्याव्यात व त्यांखाली त्याचे नाव घालावे.

रुळांच्या रुंदीबाबत एक लहानसा पाठ जाता जाता होतो. माथेरानच्या गाडीचे रूळ ६१० मिलिमीटर म्हणजे दोन फूट अंतरावर आहेत, तर मोठ्या मार्गाचे १,६७६ मिलिमीटर म्हणजे साडेपाच फूट. अंगणात या दोन्ही रुंदी फूटपट्टीने मोजून आखाव्यात आणि मुलांना त्यांवर आडवे झोपण्यास सांगावे. पहिलीतले मूल मोठ्या मार्गाच्या दोन रुळांत संपूर्ण मावते.

सावधगिरी

१ जानेवारी २०२१ पासून भारतात विक्रीस येणाऱ्या खेळण्यांवर भारतीय मानक चिन्ह असणे बंधनकारक झाले आहे. तथापि खेळण्यात बदल केला की कारखान्याची हमी त्या बदलास लागू राहत नाही. ती जबाबदारी शिक्षकांची होते. म्हणून डबे जोडण्यासाठी लोहचुंबकाचे लहान तुकडे वापरू नयेत. दोन तुकडे गिळले गेले तर ते आतड्याच्या पदरांतून एकमेकांस ओढून धरतात व त्यास भोक पडते. दोऱ्याचा फास व जाड पुठ्ठ्याचा आकडा यांनी जोडणीचे काम उत्तम होते. चपट्या बटणसेलचे इंजिन वा दिवा शाळेत आणूच नये. असा सेल अन्ननलिकेत अडकल्यास दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. पेन्सिल सेल खेळ संपताच काढावा, नाहीतर तो पाझरून आतील पट्ट्या गंजतात. शाळेच्या आवारात अंगणवाडी भरत असेल, तर तीन वर्षांखालील मुलांच्या हाती चिंचोके, बुचे व सुटी चाके पडू देऊ नयेत. सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाच्या नळीत जी वस्तू पूर्ण मावते ती त्या वयास धोक्याची समजतात. पुठ्ठ्याची तेवढी एक नळी करून कपाटात ठेवल्यास प्रत्येक वस्तू क्षणात तपासता येते. बुचांच्या कडा दगडाने ठोकून बोथट कराव्यात. भोके पाडणे व पाते चालविणे ही कामे शिक्षकांनी करावीत, चिकटविणे व रंगविणे मुलांनी.

संच कपाटात परत ठेवताना रूळ, वाघिणी, माल व काढलेले मूळ भाग यांच्या चार वेगळ्या पिशव्या असाव्यात आणि मोजून घेण्याचे काम त्या दिवशीच्या गार्डाकडे असावे. बांगडी मात्र कुलपाच्या किल्लीबरोबर खिळ्याला टांगावी. दुसऱ्या दिवशी जो ड्रायव्हर असेल तो ती मागण्यास आपण होऊन येतो.